बाकावरच्या गोलकीपरने सामना कसा पाहावा

माझ्याकडच्या राखीव गोलकीपरला मी आधी माजी पोर्तुगीज फुटबॉल गोलकीपर नूनो एस्पिरितो सान्तोबद्दल सांगतो. पोर्तो क्लबात व्हितोर बाइया मुख्य गोलकीपर असताना नूनो बहुतेक वेळ बाकावर. पण 2004 मध्ये योकोहामाला, इंटरकॉन्टिनेन्टल कपच्या अंतिम सामन्यात, बाइयाची तब्येत सामना सुरू असतानाच बिघडली. नूनो उतरला आणि पोर्तोने पेनल्टींवर कप जिंकला.

म्हणून बाकावर बसलास की चेंडूमागे डोळे पळवू नकोस. चेंडू समोरच्यांच्या गोलपाशी असताना आपले बचावपटू कुठे उभे आहेत ते बघ. दोघांमधली फट वाढली, तर आत्ता कोणाला हाक मारली असती? मनात नको, हळू आवाजात नाव घे. मध्यंतरात सगळं नाही, एकच गोष्ट मुख्य कीपरला सांग. शरीर गरम ठेव, हातमोजे पिशवीत नकोत.

प्रशिक्षक म्हणूनही नूनोने सुरुवात गोलकीपरांपासूनच केली, मालागा या स्पॅनिश क्लबात. मग रिओ आव्हे, व्हॅलेन्सिया. वुल्व्स या इंग्लिश क्लबला त्याने 2018 मध्ये प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगमध्ये, आणलं आणि पुढच्याच मोसमात सातवं स्थान मिळवलं. त्या संघाचे तीन सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, मुद्दाम बघ. अंतर किती नेमकं! मला त्यात गोलकीपरचीच नजर दिसते.