ब्रेनवरचं इन्फ्लेशन: मॉडेल कसं तपासायचं

अतिरिक्त मितींमधल्या इन्फ्लेशनचा, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या अतिवेगवान प्रसरणाचा, हिशेब हाताने करून बघायचा असेल, तर रँडल आणि सुंड्रम यांचं १९९९ मधलं दुसरं मॉडेल घ्या. त्यात आपलं विश्व हे पाच मितींच्या अवकाशकाळातलं एक ब्रेन, म्हणजे चार मितींचा पडदा, आहे. इन्फ्लेशन चालवणाऱ्या क्षेत्राच्या विभवाची (पोटेन्शियलची) घनता भागिले ब्रेनचा ताण (त्याची स्वतःची ऊर्जाघनता) याला क्ष म्हणूया. प्रसरणाचा दर देणाऱ्या नेहमीच्या फ्रीडमन समीकरणाला फक्त (१ + क्ष/२) हा गुणक लागतो. पाचव्या मितीमुळे येणारी डार्क रेडिएशनची टर्म इन्फ्लेशन सुरू होताच विरते, ती सोडून द्या.

आधी प्लँक वस्तुमान ठरवा. इथे १.२२ गुणिले १० चा १९ वा घात जीईव्ही (कणभौतिकीतलं ऊर्जेचं एकक) धरलंय. अर्ध्या सूत्रांत हे आणि अर्ध्यांत ‘रिड्यूस्ड’ (√(८π) ने भागलेलं) वापरलं की वर्गात ८π पटीचा फरक पडतो. सगळ्यात जास्त उत्तरं इथेच चुकतात.

पाचव्या मितीची वक्रता त्रिज्या म्हणजे प्लँक वस्तुमानाचा वर्ग भागिले पाच मितींतल्या प्लँक वस्तुमानाचा घन. ती ०.१ मिलिमीटरच्या आत ठेवायची, तर ते वस्तुमान किमान ६६ कोटी जीईव्ही लागतं.

आता स्लो-रोल, म्हणजे क्षेत्राचं विभवावरून हळू घरंगळणं. चार मितींतल्या एप्सिलॉनला (विभवाच्या उताराचं माप) ४(१ + क्ष)/(२ + क्ष)² ने गुणा, ईटाला (त्याच्या वक्रतेचं माप) २/(२ + क्ष) ने. ई-फोल्डच्या (विश्व किती वेळा सुमारे २.७१८ पट झालं, त्या मोजणीच्या) इंटिग्रलमध्ये (१ + क्ष/२) आत घ्या, बाहेर काढू नका. क्षेत्र घरंगळताना क्ष बदलत असतो.

उदाहरणाला वर्गाचं विभव घ्या, म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमानाचा वर्ग गुणिले क्षेत्राचा वर्ग. क्ष खूप मोठा असताना, म्हणजे उच्च ऊर्जेला, इन्फ्लेशन संपण्याच्या ६० ई-फोल्ड आधी एप्सिलॉन १/१२१ येतो. चार मितींतही नेमका तेवढाच! ब्रेनवर प्रसरण जलद, म्हणून घर्षण जास्त आणि एप्सिलॉन लहान, असं वाटतं. पण त्याच घर्षणामुळे ६० ई-फोल्ड लहान क्षेत्रमूल्यावरच भरतात आणि तिथे विभवाचा सापेक्ष उतार जास्त असतो. फायदा तिथल्या तिथे फिटतो. ईटा मात्र एप्सिलॉनच्या निम्मा होतो. त्यामुळे स्केलर इंडेक्स (घनतेतले चढउतार लांबीनुसार कसे बदलतात त्याचं माप), १ − ६ एप्सिलॉन + २ ईटा, हा १ − ५/१२१, म्हणजे ०.९५९ येतो, चार मितींत तो ०.९६७ असतो. प्लँक उपग्रहाचं २०१८ चं मूल्य ०.९६४९ ± ०.००४२ आहे, म्हणजे इथपर्यंत मॉडेल तग धरतं.

टेन्सर-स्केलर गुणोत्तराला (गुरुत्वलहरी भागिले घनतेतले चढउतार) मात्र सवयीने १६ एप्सिलॉन लिहू नका. ब्रेनवर गुरुत्वलहरींचा आयाम वाढतो आणि उच्च ऊर्जेला २४ एप्सिलॉन येतात, म्हणजे ०.१९८. बायसेप/केक दुर्बिणींची २०२१ ची कमाल मर्यादा ०.०३६ आहे. चार मितींतलं ०.१३२ सुद्धा बाद होतं, हे तर त्याहून वाईट.

मधल्या ऊर्जांसाठी पूर्ण सूत्र लागतं. हबल दर (प्रसरणाचा दर) गुणिले वक्रता त्रिज्या याला स म्हणा; स² = क्ष² + २क्ष. टेन्सर पॉवरच्या वाढीचा व्यस्त म्हणजे √(१ + स²) वजा स² गुणिले १/स चा आर्क-साइन-हायपरबोलिक. स मोठा झाला की ही जवळपास सारख्या दोन संख्यांची वजाबाकी होते. डबल प्रिसिजनमध्ये (संगणकाच्या सुमारे १६ अंकी गणितात) स १० कोटींच्या आसपास पोचला की उत्तरात अर्थच उरत नाही, कधी शून्य येतं, कधी ऋण. आणि ६६ कोटी जीईव्हीच्या मॉडेलमध्ये स १० च्या १७ व्या घातापर्यंत जातो! म्हणून स दहा हजारांच्या वर गेला की थेट २/(३स) वापरा.

घनतेतल्या चढउतारांचा आयाम निरीक्षणाशी जुळवताना इन्फ्लेटॉनचं (इन्फ्लेशन चालवणाऱ्या क्षेत्राचं) वस्तुमान पाच मितींतल्या वस्तुमानाच्या साधारण ०.००००५ पट येतं आणि क्षेत्र ३०० पट. विभवाची घनता तरीही पाच मितींतल्या वस्तुमानाच्या चौथ्या घाताच्या दहा हजाराव्या भागाइतकीच राहते, म्हणून गणित वैध आहे. पाच मितींतलं वस्तुमान प्लँकच्या ०.००२ पटीपेक्षा जास्त घेतलंत, तर क्ष १०० च्या खाली येतो; मग वरची उच्च ऊर्जेची सोपी सूत्रं सोडा आणि पूर्ण गुणक वापरा.

पठारासारखं सपाट विभव घालण्याआधी कोडमध्ये क्ष शून्याकडे नेऊन बघा. वर्गाच्या विभवाला ०.९६७ आणि ०.१३२ परत मिळाले नाहीत, तर आधी प्लँक वस्तुमान तपासा, मग इंटिग्रल.