खिशातला कॅमेरा, पण ताबा आपल्या हातात

खिशात मावणारा कॅमेरा निवडताना डायलवर 'एम' अक्षर दिसलं की कॅमेरा मॅन्युअल, म्हणजे सगळं हाताने ठरवता येणारा, झाला असं समजू नका. बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत या मोडमध्ये लेन्समधल्या प्रकाश येणाऱ्या छिद्राच्या, म्हणजे अ‍ॅपर्चरच्या दोनच पायऱ्या मिळतात, एफ ३.३ आणि एफ ८ अशा (आकडा लहान तितकं छिद्र मोठं). त्यातली दुसरी पायरी अनेकदा आतली काळी काच पुढे सरकवून साधलेली असते. प्रकाश कमी होतो, पण पार्श्वभूमीच्या धूसरपणात काडीचा फरक पडत नाही.

म्हणून कॅमेरा हातात घेऊन 'एम' लावा आणि अ‍ॅपर्चर एकेक पायरी फिरवून बघा. एक तृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) आकडे बदलत गेले तर ठीक. मग झूम पूर्ण ताणा. एफ १.८ वर सुरू होणारी लेन्स तिथे २.८ पर्यंत आली तर उत्तम, ५.६ च्या पुढे गेली तर घरातल्या उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, वाढवतच बसाल.

सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, एक इंची घ्या. हे नाव फसवं आहे, प्रत्यक्ष माप १३.२ × ८.८ मिमी, तरी छोट्या कॅमेऱ्यांतल्या नेहमीच्या १/२.३ इंची सेन्सरच्या चौपट क्षेत्रफळ मिळतं. रिको जीआर ३ या खिशातल्या कॅमेऱ्यात त्याहून मोठा एपीएस-सी सेन्सर आहे, मात्र झूम नाही आणि अंगचा फ्लॅशही नाही.

रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेला प्रक्रिया न केलेला डेटा, हवीच. लेन्सभोवती फिरणारी रिंग आणि मागे एक चाक असेल तर शटरचा वेग व अ‍ॅपर्चर मेनूत न शिरता बदलता येतात. मेनूत शिरावं लागलं की चार दिवसांत तुम्ही ऑटोवर परत जाता.