आरमॅनचा तात्पुरता कॅटलॉग आणि त्याचा युजर काढताना ओआरए-०१९४०: माझा अनुभव

टेस्टिंगसाठी ओरॅकल डेटाबेसमध्ये आरमॅनचा (ओरॅकलचं बॅकअप घ्यायचं टूल) एक तात्पुरता रिकव्हरी कॅटलॉग, म्हणजे बॅकअपच्या नोंदी ठेवायची जागा, बनवला होता, काम झाल्यावर त्याचा युजर ड्रॉप करायला गेलो तर आधी ओआरए-०१९२२ एरर, म्हणजे कॅस्केड (युजरच्या मालकीच्या सगळ्या गोष्टींसकट काढ) लाव, आणि कॅस्केड लावलं की ओआरए-०१९४०, युजर कनेक्टेड आहे म्हणून. सेशन (त्याचं चालू कनेक्शन) किल केलं तरी पाच मिनिटांत परत तेच, अख्खी संध्याकाळ गेली, जाम वैताग आला.

शेवटी व्ही-डॉलर-सेशन या चालू सेशन्सच्या व्ह्यूमध्ये मशीन आणि प्रोग्रॅम बघितला तर क्रॉनटॅबमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) जुनी बॅकअप स्क्रिप्ट त्याच युजरने लॉगिन करत होती.

मग आधी क्रॉनमधली ती ओळ बंद केली. नंतर कॅटलॉगच्या आरसी-डेटाबेस व्ह्यूमध्ये फक्त टेस्टचाच डेटाबेस आहे ना ते बघितलं, हे चुकवू नका, प्रॉडक्शनचा दिसला तर तिथेच थांबा, कारण डेटाबेसच्या स्वतःच्या कंट्रोल फाइलमध्ये बॅकअपचे रेकॉर्ड ठेवायची डिफॉल्ट मुदत ७ दिवस, त्याआधीच्या बॅकअपची नोंद कदाचित कॅटलॉगमध्येच असेल. मग आरमॅनमधून कॅटलॉगच्या ओनरने कनेक्ट करून ड्रॉप कॅटलॉग, तो कन्फर्म करायला सांगतो, तीच कमांड परत द्यायची. आता आरमॅनमधून बाहेर पडा, आपलं स्वतःचं सेशनपण मोजलं जातं. सिस-डीबीएने (सगळे अधिकार असलेलं ॲडमिन लॉगिन) येऊन युजरचं अकाउंट लॉक, उरलेली सेशन्स सिड आणि सिरियल नंबर देऊन किल, मग ड्रॉप युजर कॅस्केड. लॉक आधी केलंत तर कॅटलॉग ड्रॉप करायला लॉगिनच होणार नाही.

कॅटलॉगचा डेटा ज्यात होता ती टेबलस्पेस (डेटा साठवायची जागा) सगळ्यात शेवटी ड्रॉप, डीबीए-सेगमेंट्स व्ह्यूमध्ये तिथे दुसऱ्या कोणाचं काही नाही बघून, इन्क्लुडिंग कन्टेन्ट्स अँड डेटाफाइल्स लावून. डिस्कवरच्या बॅकअप फाइल्सना यातलं काहीच हात लावत नाही.