पाळीव बॉल पायथन आणि मराठवाड्याचं हवामान: या चुका टाळा

आधी कायद्याचं. धामण, दिवड, मांडूळ, अजगर, आपल्या शिवारातला कुठलाही साप घरात पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. विहिरीतून वाचवला म्हणून तो आपला होत नाही. पुढचं सगळं परदेशी बॉल पायथनबद्दल, म्हणजे आफ्रिकेतल्या एका छोट्या, बिनविषारी अजगराबद्दल आहे, आणि त्याचीही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश 2.0 पोर्टलवर नोंदणी लागते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे परदेशी व्हिडिओतली मांडणी जशीच्या तशी उचलणं. तिकडे सगळा जोर साप उबदार ठेवण्यावर असतो. इथे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे गेला की प्रश्नच उलटा होतो. या सापाला पेटीच्या एका टोकाला 31 ते 33 अंश आणि दुसऱ्या टोकाला 25 ते 27 अंश तापमान लागतं. थर्मोस्टॅट (तापमान पाहून वीज चालू-बंद करणारं यंत्र) हीट मॅट (पेटीखालची विजेवर तापणारी चटई) बंद करतो, खोली गार करत नाही. मॅट बंद असूनही पेटी 38 वर गेली, तर सापाला जायला गार कोपराच उरत नाही. म्हणून पत्र्याखालची आणि पश्चिमेच्या भिंतीलगतची जागा नको; तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत, जमिनीलगत पेटी ठेवा. भारनियमनाच्या दिवसांत बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून गार टोकाला, पेटीच्या बाहेरून टेकवा.

कूलर चालतो, पण झोत थेट पेटीवर नको. पावसाळ्यात तोच कूलर घात करतो: हवा आधीच दमट, त्यात वारा खेळता नसला की सापाला श्वसनाचा संसर्ग होतो. तोंड उघडं ठेवून श्वास, घरघर, नाकाशी बुडबुडे दिसले तर घरगुती उपाय न करता सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य गाठा.

उन्हाळ्यात कात तुकड्यांत निघते, कारण जाळीच्या झाकणातून ओलावा उडून जातो. झाकणाचा दोन तृतीयांश भाग झाका. आर्द्रता 55 ते 65 टक्के ठेवा, कात टाकण्याआधी डोळे दुधाळ झाले की थोडी वाढवा. ओल्या काथ्याने भरलेला, भोक पाडलेला प्लास्टिकचा डबा लपायला द्या. अडकलेली कात ओढू नका, डोळ्यावरची तर मुळीच नाही.

हिवाळ्यात परभणीकडची रात्र बोचरी असते, तेव्हा मॅटचं काम खरं सुरू होतं. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारी तार) पेटीत सैल सोडला की साप तो सरकवतो आणि मॅट तापतच राहते. प्रोब मॅट आणि पेटीचा तळ यांच्या मध्ये बाहेरून बसवा, मग आतल्या तळाचं तापमान मोजून थर्मोस्टॅट लावा. आतून चिकटपट्टी लावली तर ती खवल्यांना चिकटते.

याच काळात साप खाणं सोडतो आणि माणसं रोज उंदीर पुढे करतात. त्याने तो आणखी बिथरतो. दहा दिवसांनी एकदाच विचारा. उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागाइतकाच हवा. गोठवलेला असेल तर आतपर्यंत वितळवून कोमट करा. जेवणानंतर 48 तास हात लावू नका. वजन दहा टक्क्यांपेक्षा जास्त घटलं तरच धावपळ करा. त्यासाठी अर्थातच आधीचं वजन लिहिलेलं हवं.

म्हणून एक वही ठेवा: तारीख, दोन्ही टोकांचं तापमान, आर्द्रता, खाणं, कात, वजन. एका वेळी एकच गोष्ट बदला. पेटी, भुसा आणि उंदराचा आकार एकदम बदलले तर साप का खात नाही हे वहीसुद्धा सांगू शकणार नाही.

आणि फिनाईल, डांबर गोळ्या पेटीजवळ आणू नका.