आवाज गेलेला पीसी दुरुस्तीला आला की: हार्डवेअरच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्या दुकानात काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी सुरुवातीला 'आवाज येत नाही' या तक्रारीची मशीन्स देतो. या एका तक्रारीत स्पीकरच्या वायरीपासून बायोसपर्यंत (विंडोजच्या आधी सुरू होणारी मदरबोर्डची मूळ सेटिंग्ज) सगळं हाताखालून जातं आणि गिऱ्हाइकाच्या डेटाला धक्का लागत नाही. इतकी वर्षं हे काम करून माझं मत पक्कं झालंय, की आवाज कुठपर्यंत पोहोचतो आणि कुठे अडतो हे सापडेपर्यंत ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते उपकरण चालवायला लागणारा प्रोग्रॅम, उडवायचा नाही आणि विंडोज फॉरमॅट तर मारायचीच नाही. फॉरमॅटनंतर आवाज आला तरी बिघाड काय होता ते तुम्हाला कळत नाही. वर त्या माणसाचं टॅली, प्रिंटर, मराठी फॉन्ट सगळं पुन्हा बसवत बसावं लागतं.

'काय केलं होतं?' असं विचारू नका. 'काही नाही हो, आपोआप गेला' हेच उत्तर मिळतं आणि तो माणूस खोटंही बोलत नसतो. टेबल सरकवलं, याला कुणी 'केलं' म्हणत नाही. म्हणून नेमकं विचारा: काका, मॉनिटर नवा घेतलात का? ताई, घरात रंगकाम झालं का? ब्लूटूथ हेडफोन कुणी जोडला होता का? विंडोजचं अपडेट झालं का? दिवाळीच्या आवराआवरीनंतर अशा तक्रारी हमखास वाढतात. कॅबिनेट पुसायला वायरी काढतात आणि अंधारात परत लावताना स्पीकरची पिन भलत्याच भोकात जाते. हिरवं भोक स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं लाइन-इनचं. काळं, नारिंगी दिसलं तर ती जादा स्पीकरांची सोय आहे. साधी जोडी हिरव्यातच लावायची.

मग स्पीकर मोबाईलला लावून बघा. त्यासाठी हेडफोनचं भोक असलेला एखादा जुना फोन टेबलावर ठेवावा, नव्या बऱ्याच फोनना ते नसतं. सबवूफरवाल्या संचावर ऑक्स (म्हणजे वायरीने येणारा आवाज) आणि ब्लूटूथ यांतलं एक निवडायचं बटण असतं, तेही तपासा. मोबाईलवरही स्पीकर गप्प असेल तर पीसीला हात लावायची गरजच नाही.

स्पीकर चांगला निघाला, की खरं काम सुरू. एखादं गाणं चालू ठेवा, विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा आणि mmsys.cpl (एमएमएसवायएस डॉट सीपीएल) टाईप करून एंटर दाबा. प्लेबॅकच्या यादीत प्रत्येक उपकरणासमोर एक उभी पट्टी असते. आवाज ज्याच्याकडे जातोय त्याची पट्टी हिरवी होऊन वरखाली नाचते. नवशिक्यांनी ही पट्टी वाचायला शिकावं असं मी आग्रहाने सांगतो, कारण अर्ध्याहून जास्त शंका तिथेच मिटतात.

ऑनलाइन हार्मोनियम शिकवणाऱ्या एक बाई मशीन घेऊन आल्या होत्या. संध्याकाळी क्लास होता, त्यामुळे त्या काळजीत होत्या. यादी उघडली तर पट्टी नाचत होती ती मॉनिटरच्या नावासमोर आणि स्पीकर्ससमोरची पट्टी निपचित. त्यांचा नवा मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडलेला होता. त्या केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो आणि विंडोजने मॉनिटरलाच मुख्य उपकरण मानलं होतं, पण त्या मॉनिटरमध्ये स्पीकरच नव्हते. स्पीकर्सवर राइट क्लिक करून 'सेट अॅज डिफॉल्ट डिव्हाइस' केलं आणि पेटीचा सूर आला. त्या हसल्या ते बघून माझ्या शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलाचा चेहराही उजळला.

पट्टी स्पीकर्ससमोरच नाचतेय आणि तरी आवाज नाही, तर विंडोज आपलं काम करतेय. अडचण भोक, वायर किंवा कॅबिनेटच्या पुढच्या पॅनेलकडे आहे. पुढचं हेडफोनचं भोक झिजलं की हेडफोन काढला तरी पीसीला तो लावलेलाच वाटतो आणि मागचे स्पीकर बंद राहतात. मशीन बंद करून, प्लग काढून, मदरबोर्डवरची पुढच्या ऑडिओची वायर सोडवा आणि पुन्हा तपासा. तिच्या कनेक्टरजवळ बोर्डावर एफ-ऑडिओ, जेएयूडी1 किंवा एएएफपी असं काहीतरी छापलेलं असतं. यूएसबीचा कनेक्टरही तसाच नऊ पिनांचा दिसतो. फरक असा, की यूएसबीत टोकाची पिन गायब असते, ऑडिओत आतली.

कुठलीच पट्टी हलत नसेल तर उलट्या दिशेला जा. व्हॉल्यूम मिक्सरमध्ये त्या अॅपचा आवाज बंद आहे का, ब्राउझरचा टॅब म्यूट आहे का, मीटिंगच्या अॅपने स्वतःच्या सेटिंगमध्ये वेगळा स्पीकर धरलाय का? मग सर्व्हिसेसमध्ये विंडोज ऑडिओ चालू आहे का, ते बघा. यादीत स्पीकर्सच नसतील तर रिकाम्या जागी राइट क्लिक करून डिसेबल केलेली उपकरणं दाखवा, नंतर डिव्हाइस मॅनेजर बघा आणि शेवटी बायोसमधलं एचडी ऑडिओ चालू आहे का ते तपासा. अपडेटनंतर आवाज गेला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' आधी वापरून बघा. नवा ड्रायव्हर टाकायचाच झाला तर मदरबोर्डचं मॉडेल बघून त्याच कंपनीच्या साइटवरून घ्या. कुठल्याही ड्रायव्हर-पॅकच्या नादी लागू नका. त्यासोबत नको ते प्रोग्रॅम येतात.

तरीही निर्णय होत नसेल तर पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) इन्स्टॉल न करता चालवा. तिथे आवाज आला तर हार्डवेअर ठणठणीत आहे, बिघाड विंडोजमध्ये आहे. तिथेही नाही आणि वायरी तपासून झाल्या, तर बोर्डवरची ऑडिओ चिप गेली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी बोर्ड बदलायला सांगू नका. काहीशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड लावलं की घरचं, ऑफिसचं काम निभावतं, आणि हा पर्याय गिऱ्हाइकाला सांगणं आपलं कर्तव्य आहे.

मशीन परत देण्याआधी ते रीस्टार्ट करा, मॉनिटर बंद-चालू करा आणि त्यांच्याच नेहमीच्या अॅपमध्ये आवाज ऐकवा. मॉनिटर चालू झाला की विंडोज कधीकधी पुन्हा त्यालाच धरते. तसं झालं तर यादीत मॉनिटरचा ऑडिओ डिसेबल करा, पण पुढे टीव्ही जोडायचा झाला तर तो परत चालू करावा लागेल, हे बिलावर लिहून द्या.