सेट गरम होऊ द्या, मग कॅलिब्रेशनला हात लावा

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स मिळाल्यावर मी पहिल्यांदा विस्पर (अगदी कमी पॉवरवर दूर पोचणारा छोटा डिजिटल संदेश) पाठवलं ते 20 मीटरवर, म्हणजे 14 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. सेट स्वतः जोडलेला, फ्रिक्वेन्सी तयार करणारी एसआय 5351 चिप आणि तिला 25 मेगाहर्ट्झचा साधा क्रिस्टल. त्याच दुपारी कॅलिब्रेट केला होता, म्हणजे त्याची फ्रिक्वेन्सी खऱ्या आकड्याशी जुळवली होती: सेट नुकताच चालू केलेला, झाकण उघडं, डोक्यावर पंखा. आकडा तंतोतंत जुळला आणि मी खूश.

रात्री गावातल्याच एका ज्येष्ठ हॅमने त्यांच्या वॉटरफॉलचा (सिग्नलची फ्रिक्वेन्सी वेळेनुसार दाखवणारा सरकता आलेख) फोटो पाठवला. विस्परची रेघ सरळ उभी हवी. माझी कोयत्यासारखी वाकलेली होती.

कारण समजायला दोन दिवस लागले. विस्परचं एक ट्रान्समिशन जवळजवळ 111 सेकंद चालतं आणि सिग्नल जेमतेम 6 हर्ट्झ रुंद असतो. तेवढ्या वेळात फायनल ट्रान्झिस्टर (अँटेनाला पॉवर देणारे शेवटचे) तापायचे, ती ऊब बंद डब्यात क्रिस्टलपर्यंत पोचायची आणि फ्रिक्वेन्सी खाली सरकायची. शिवाय विस्परला 20 मीटरवर जागा मिळते 200 हर्ट्झची, 14.0970 ते 14.0972 मेगाहर्ट्झ. साध्या क्रिस्टलमध्ये 10 पीपीएमची (दहा लाखात 10 भाग) चूक सहज निघते, म्हणजे इथे 141 हर्ट्झ. मधोमध बसवलेला सिग्नलही खिडकीबाहेर जातो. बोलण्यात एवढी चूक खपून जाते, इथे नाही.

आता मी असं करतो. झाकण लावून, पंखा बंद करून सेट पाऊण तास चालू ठेवतो आणि शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर) दोन-तीन ट्रान्समिशन करतो. क्रिस्टलवर थर्माकोलची छोटी टोपी बसवली आहे, हीटसिंक त्याच्यापासून लांब नेला आहे. टोपीने तापमान थांबत नाही, पण बदल हळू होतो, आणि विस्परला तेवढं पुरतं.

मग 10 मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम लावायचं, हे अचूक वेळ आणि फ्रिक्वेन्सी देणारं रेडिओ स्टेशन. डायल 9.999 वर ठेवून यूएसबीत (अप्पर साइडबँड, डायलच्या वरची बाजू ऐकणारा मोड) सूर मोजायचा, मग 10.001 वर एलएसबीत (लोअर साइडबँड, खालची बाजू). लॅपटॉपवर स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही सॉफ्टवेअर चालेल. समजा एकीकडे 1012 आणि दुसरीकडे 988 हर्ट्झ आले. फरक 24, त्याचा निम्मा 12: डायल 10 मेगाहर्ट्झला 12 हर्ट्झने चुकतोय, म्हणजे 1.2 पीपीएम. सगळे ऑसिलेटर एकाच क्रिस्टलवरून निघत असतील तर ही पद्धत मला फार आवडते, कारण साउंडकार्डची स्वतःची चूक वजाबाकीत जवळजवळ निघून जाते. फक्त पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमाराला मोजू नका. तेव्हा आयनोस्फियरचे (रेडिओलहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या भागाचे) थर सरकत असतात आणि सूर एखाद्या हर्ट्झने आपोआप हलतो.

टीसीएक्सओ (तापमानाचा परिणाम स्वतः भरून काढणारा क्रिस्टल ऑसिलेटर) घ्यावा का, असं नवे लोक हमखास विचारतात. परवडत असेल तर जरूर घ्या. ±0.5 पीपीएमचा असेल तर 14 मेगाहर्ट्झवर चूक 7 हर्ट्झच्या आत राहते. पण आधी महिनाभर साध्या क्रिस्टलवर काढा. दर पाच मिनिटांनी सूर मोजून वहीत लिहा, मग पंख्याची झुळूक सेटवर येऊ द्या आणि आकडा कसा पळतो ते बघा. माझ्या वहीत त्या पहिल्या संध्याकाळी वीस मिनिटांत 30 हर्ट्झ सरकलेले आहेत, आणि त्यानंतरच्या तासात फक्त 2.