क्लॉ मशीन बांधताना: प्लाय, काच, दोरी आणि कॉइल

क्लॉ मशीन म्हणजे वरून पंजा सोडून खेळणं उचलायचं काचेचं यंत्र. त्याच्या कॅबिनेटला 18 मिमी प्लाय घ्या, आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) स्वस्त पडतो, कापायलाही सोपा. पण फरशी ओली पुसली की तळाच्या कडेने पाणी पितो आणि फुगतो. मग त्यात स्क्रू धरत नाहीत. प्लाय घेतला तरी कापलेल्या कडांना सीलर मारायलाच हवा.

समोर 5 मिमी टफन (तापवून कडक केलेली) काच. बिजागरीची आणि कुलपाची भोकं टफनिंगला देण्याआधीच पाडून घ्या. नंतर ड्रिल लावलं की अख्ख्या काचेचा चुरा होतो. चौकटीत चारी बाजूंनी 2 मिमी जागा सोडून रबरी पट्टी बसवा, काचेचा कोपरा कुठेही लोखंडाला टेकू देऊ नका. अ‍ॅक्रिलिक वजनाला निम्म्याहून हलकं, पण चरे पटकन पडतात आणि थिनरने पुसलं की केसासारख्या भेगा उमटतात.

पंजा इकडेतिकडे नेणाऱ्या गाडीचे दोन्ही रूळ बसवल्यावर त्यांच्यातलं अंतर दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा, शिवाय कर्ण सारखे आहेत का ते पाहा. गाडी अडली की दोष मोटारीला दिला जातो, पण आधी रूळच तपासा.

पंजाची दोरी विणलेली पॉलिएस्टरची असावी. पीळ दिलेली दोरी वजन पडताच उलगडते आणि पंजा गरगर फिरतो. नायलॉन ताणतो. दोरी ज्या भोकातून खाली उतरते त्याची कड बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत घासा. दोरी तिथेच तुटते.

खरा जीव पंजा मिटवणाऱ्या विद्युतचुंबकाच्या कॉइलमध्ये. 24 व्होल्टची 12 ओहमची कॉइल थंड असताना 2 अँपिअर घेते. तीच 60 अंशांनी तापली की तांब्याचा रोध सुमारे 14.8 ओहम होतो, करंट 1.6 वर येतो. ओढ ढोबळमानाने करंटच्या वर्गाने बदलते, म्हणजे पकड जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. सकाळी टेडी उचलणारा पंजा गर्दीच्या वेळी तोच टेडी पाडतो, त्याचं हे कारण. म्हणून पंजा मिटेपर्यंतच पूर्ण व्होल्टेज द्या, मग धरून ठेवण्यापुरतं कमी करा. पकड नेहमी मशीन तासभर चालवल्यावरच सेट करा.

प्लंजर, म्हणजे कॉइल आत ओढते तो दांडा, मऊ लोखंडाचा हवा. कडक स्टीलमध्ये चुंबकत्व उरतं आणि वीज बंद झाली तरी पंजा उघडत नाही. त्याला ग्रीस तर लावूच नका. खेळण्यांचा भुसभुशीत धागा चिकटून प्लंजर जाम होतो. कॉइलच्या दोन टोकांवर 1एन4007 डायोड जोडा, पट्टीची बाजू प्लसकडे. तो नसेल तर प्रत्येक वेळी पंजा सुटताना कॉइल चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या संपर्कांवर ठिणगी पडते आणि ते हळूहळू जळतात.